तहकूब सभा

ग्रामसभेची नोटीस निघते, दवंडी होते, शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या जातात आणि अकराच्या सभेला साडेबारापर्यंत पंचवीस-तीस डोकी जमतात. कायद्याला हवेत एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा लहान असेल तितके. तेवढे भरले नाहीत की सभा तहकूब होते, पुढची तारीख पडते. त्या तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. तिथे सात माणसं बसली तरी ठराव होतो आणि तो भरगच्च सभेतल्या ठरावाइतकाच पक्का असतो. पुढच्या वर्षी गावाला पाणी कुठून येणार, कोणती झाडं राहणार, कोणत्या गल्लीत सिमेंट पडणार, हे मी नोकरीत पाहिलं त्यात बहुतेक वेळा त्या सात जणांनी ठरवलं.

मी ग्रामसेविका होते. राहायला पवनारला, नोकरी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत. पंचायतीची सचिव म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं. सचिवाला मत नसतं, हात वर करता येत नाही. पण विषय कोणी काढला, कोणी टाळला, आणि कोण चहा झाल्यावर उठून गेलं, हे सगळ्यांत नीट त्यालाच दिसतं. त्या गावांची नावं इथे देत नाही. लहान गावात सभेत भांडलेले दोघे दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर एकामागे एक उभे असतात. त्यांची पंचाईत कशाला करायची?

हवामान बदलावरचे मोठे कागद वरून येतात ते आमच्यापर्यंत पोचताना रकाने होऊन येतात. 2015-16 पासून 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणून गावाचा आराखडा करायला लागलो. पंधराव्या वित्त आयोगात पैशाचे दोन भाग पडले, 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधितातला अर्धा स्वच्छतेवर, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यावर खर्चायचा. पुढे आराखड्याला नऊ संकल्पना आल्या. त्यात 'जलसमृद्ध गाव' आणि 'स्वच्छ व हरित गाव' अशा दोन. शेतीच्या बाजूने 2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने पोकरा हा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प आला. त्यातल्या पंधरा जिल्ह्यांत आपला वर्धाही होता. कागद चांगले होते, मी त्यांची टिंगल करणार नाही. फक्त रकान्यात काय भरायचं हे कागद सांगत नाही. ते कोणीतरी माणूस सांगतो.

एका गावात तो माणूस म्हणजे नळ सोडणारा होता. पंचायतीचा कर्मचारी, पगार कधी वेळेवर कधी नाही. शाळेच्या व्हरांड्याची किल्ली त्याच्याकडे असायची, त्यामुळे सभा कितीही लांबली तरी त्याला शेवटपर्यंत थांबणं भाग होतं. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत तो दर अमावस्येला गाठी मारलेली दोरी सोडायचा आणि पाणी किती हातांवर लागलं ते पंपहाउसच्या आतल्या भिंतीवर कोळशाने लिहायचा. त्याला कोणी हे करायला सांगितलं नव्हतं. मोटर कोरडी चालून जळाली की शिव्या त्याला बसत, म्हणून त्याने स्वतःपुरती ही सोय केलेली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. याच्याकडे महिन्याचा आकडा होता, आणि तोही नेमक्या त्या विहिरीचा जिचं पाणी गाव पितं.

एका तहकूब सभेत विषय संपत आले असताना तो दाराशी उभ्याउभ्या म्हणाला, "मॅडम, त्या वावरात बोअर मारून राह्यले म्हणते. आपली हीर तं अशीच खाली जाऊन राह्यली. भिंत पाहून घ्या न जी एकदा."

आम्ही सातही जण पंपहाउसवर गेलो. टॉर्चच्या उजेडात सरपंचांनी बोट फिरवत मे महिन्यांचे आकडे वाचले. चढत गेलेला आकडा म्हणजे खाली गेलेलं पाणी, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग कोणी काही बोललं नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही अट महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यापासून आहे. मला ती माहीत होती. पण कायदा मी वाचून दाखवला असता तर तो सरकारचा झाला असता, आणि सरकारचं ऐकून घेऊन न ऐकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. भिंतीवरचा कोळसा गावाचा होता. त्या रात्री दोन ठराव झाले: पहिला बोअरबद्दल तहसीलला कळवण्याचा, दुसरा बंधित निधीतून शाळेच्या छपराचं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडण्याचा.

ज्याला बोअर मारायचा होता त्याने तो मारलाच, अंतर मोजून, 500 मीटरच्या बाहेर. शोषखड्ड्याने विहिरीला पाणी वाढलं असंही मी छातीठोक सांगणार नाही. त्या साली पाऊसच चांगला झाला. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. पुढच्या आराखड्यापासून पाणीपुरवठ्याचा विषय निघाला की कोणीतरी विचारायचं, "अमावस्येले किती भरली?" नंतर कुठल्याशा अभियानात पंपहाउस आतून-बाहेरून रंगवलं गेलं. बाहेर निळ्या अक्षरांत 'पाणी वाचवा' आलं आणि आतले सगळे आकडे गेले. सरपंचांच्या मुलीने ते आधीच वहीत उतरवून ठेवले होते, एवढं नशीब.

आता हाच प्रकार उलटा कसा चालतो तेही सांगायला हवं, नाहीतर हे सज्जनांचं कीर्तन होईल. दुसऱ्या एका गावात शेवटपर्यंत थांबणारा माणूस गट्टूवाला होता. आमच्याकडे पेव्हर ब्लॉकला गट्टू म्हणतात. तो गट्टू बनवायचा नाही, पण कामं कोणाला मिळावीत यात त्याला रस असायचा. नोटिशीत शेवटचा विषय नेहमी ठरलेला असतो: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. नोटिशीत नाव नसलेली प्रत्येक गोष्ट या दारातून आत येते. त्याने या दारातून अंगणवाडीचं अंगण आणलं, मारुतीच्या देवळाचा पार आणला, आणि मग शाळेचं मैदान. मैदानाच्या कडेला दोन कडुलिंब होते, ते 'कामात अडथळा' म्हणून त्याच ठरावात गेले. विरोध कोणीच केला नाही. चिखल जातो, पोरांचे कपडे स्वच्छ राहतात, गाव शहरासारखं दिसतं. लोकांना ते खरोखर आवडलं होतं.

मार्च संपता संपता शाळा सकाळची झाली. साडेनऊलाच मैदान इतकं तापायचं की पोरं कवायतीला पायाचे चवडे उचलत उभी राहायची. वर्ध्याचा मे म्हणजे 45 अंश काही अपूर्वाईचे नाहीत. अशा ठिकाणी मातीचं मैदान झाकून त्यावरची सावली तोडणं हेही हवामानाचं धोरणच आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही. गट्टूवाल्याचा प्रभाव आणि नळवाल्याचा प्रभाव एकाच कारखान्यातला आहे. दोघंही थांबले. बाकीचे घरी गेले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेली. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावर होते. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. एका गावात मी ती खरंच घ्यायची, अंगणवाडीत. मे महिन्याची सभा. रोजगार हमीवर जाणारी एक बाई उठली. सहसा न बोलणारी. म्हणाली, "दुपारच्या फोटोसाठी आमाले उन्हात बसवून ठेवता काहून? काम तं दहालेच होते."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मजुरी मोजमापावर. बायका सहाला पोचून ऊन चढायच्या आत आपला खड्डा पुरा करायच्या. पण 2023 च्या जानेवारीपासून हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा, वेळेच्या नोंदीसकट फोटो. दुसऱ्या फोटोसाठी त्या माळरानावर ताटकळत. आम्ही वेळ बदलण्याचा ठराव करून पंचायत समितीला पाठवला. उत्तर आलं ते अपेक्षित होतं, हा अधिकार आमचा नाही. कायद्यात आधीपासून असलेल्या गोष्टी तेवढ्या पदरात पडल्या: पिण्याचं पाणी, सावलीला हिरवं कापड, प्रथमोपचाराची पेटी. त्यांच्यासाठीही भांडावं लागलं, हा वेगळा विषय.

मग मी तिला सांगितलं की मे महिन्याचं ऊन मे महिन्यात बदलता येत नाही. पुढच्या वर्षीच्या कामांचं नियोजन, ज्याला लेबर बजेट म्हणतात, ते 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजूर होतं. कोणतं काम कोणत्या महिन्यात, हे तिथे सांगायचं असतं. ती म्हणाली, "गांधी जयंतीले कोण उन्हाचं बोलते जी?" खरंच कोणी बोलत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, थंडीची चाहूल लागलेली असताना, मे महिन्याच्या दुपारी माळरानावर काय होईल हे आठवायला तसाच माणूस लागतो.

ती आली. एकटी नाही, वाडीतल्या आणखी चौघींना घेऊन. सोयाबीनच्या मजुरीचा दिवस बुडवून आली, हे इथे लिहून ठेवते, कारण सहभागाची किंमत आराखड्यात कुठे धरलेली नसते. तिने दोन गोष्टी मागितल्या. माळावरच्या चरांचं खोदकाम मार्चअखेर आटोपायचं; एप्रिल-मेमध्ये रोपवाटिकेचं आणि विहिरीजवळच्या आमराईतलं काम द्यायचं. रोजगार सेवकाने कुरकुर केली, तांत्रिक मान्यता एवढ्या लवकर येत नाही म्हणाला. ते खरंही होतं. पण कामांचा क्रम बदलला. सगळी नाही, निम्मी कामं तरी सावलीत आली. मोठ्या शहरांचे उष्णता कृती आराखडे असतात, अहमदाबादने 2013 मध्ये सुरुवात केली, नागपूरलाही आहे. या गावाचा उष्णता आराखडा म्हणजे लेबर बजेटमधल्या ओळींची अदलाबदल, आणि तो एका मजूर बाईने केलेला.

पवनारला राहून एकट्या माणसाच्या ताकदीविषयी लिहायचं तर विनोबांना टाळता येत नाही. 1938 च्या मार्चमध्ये प्रकृती ढासळलेली असताना ते धाम नदी ओलांडून जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. 17 ऑक्टोबर 1940 ला इथेच ते उभे राहिले आणि युद्धाविरुद्ध बोलले. वैयक्तिक सत्याग्रहाची ती पहिली सभा, आणि गांधीजींनी निवडलेला पहिला सत्याग्रही. चार दिवसांत त्यांना अटक झाली. आमच्या गावात हे सगळ्यांना पाठ आहे आणि म्हणूनच त्याचा फारसा उपयोग होत नाही. एकटा माणूस म्हटलं की विनोबा डोळ्यांपुढे येतात, आणि आपण विनोबा नाही म्हणून आपण घरी जातो.

त्यांची मला अधिक उपयोगी वाटलेली गोष्ट पुढची आहे. 25 मार्च 1959 ला त्यांनी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकीचा विरोध असला तरी विषय पुढे जातो, म्हणजे पुढे ढकलला जातो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचीही हीच रीत, आणि 2009 मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो याच सवयीच्या बळावर, असं मला वाटतं. प्रशिक्षणात आम्हाला मेंढा-लेखाचं उदाहरण देत, आम्ही टाळ्या वाजवत असू आणि परत येऊन हात वर करून मोजत असू. सर्वसहमती फार वेळ खाते, आणि मार्चअखेर निधी खर्ची पाडायचा असतो तेव्हा ती परवडत नाही. तरीही त्या दोन कडुलिंबांच्या वेळी मला ती रीत आठवली होती. एका शाळकरी पोराला जरी विचारावं लागलं असतं तरी ठराव त्या रात्री झाला नसता.

झाडांचं म्हणाल तर आमच्या भागात 2020 मध्ये मोठं प्रकरण झालं. सेवाग्राम विकास आराखड्यात वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायचा होता आणि त्यासाठी गांधीजींच्या काळापासूनची म्हणून ओळखली जाणारी झाडं तोडायला सुरुवात झाली. करोनाचे दिवस. घराबाहेर पडायची चोरी. तरी वर्ध्यातले लोक, शिक्षक, डॉक्टर, पक्षिनिरीक्षक, आश्रमातले कार्यकर्ते, रस्त्यावर आले. झाडांना मिठ्या मारल्या, निवेदनं दिली, तोड थांबवली. मला तिथे दिसलेली गोष्ट अशी की यातले बरेच जण एकमेकांना आधीपासून ओळखत होते. कोणी टेकडीवर झाडं लावायला जायचं, कोणी पक्षी मोजायला. दोनच वर्षं आधी याच शहरात शहरपक्षी निवडायची निवडणूक झाली होती आणि नीलपंख निवडून आला होता. तेव्हा मी हसले होते. पक्ष्याला मत! पण त्या निवडणुकीने जे फोन नंबर एकमेकांकडे जमा केले ते झाडांच्या वेळी कामाला आले. लहान शहराची ही सोय आहे. एका कामासाठी जमलेली माणसं दुसऱ्या कामालाही तीच असतात.

पुढच्याच वर्षी राज्याने वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा मात्र नागरी क्षेत्राचा. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या पिंपळाला तो लागू, हद्दीबाहेरच्या तितक्याच म्हाताऱ्या पिंपळाला नाही. गावातल्या पिंपळासाठी अजून तहकूब सभाच आहे.

'माझी वसुंधरा' अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला आलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पंचमहाभूतांवर गुण. सुरुवातीला मी वैतागले. आणखी एक पोर्टल, आणखी फोटो, आणि फोटोसाठी लावलेलं रोप दुसऱ्या फोटोपर्यंतही टिकत नाही. पण ज्यांना काम करायचं होतं त्यांच्या हातात या गुणांनी एक काठी दिली. एरवी 'झाड तोडू नका' म्हणणारा माणूस विकासाच्या आड येणारा ठरायचा. आता तो सरपंचांना म्हणू शकत होता, "भाऊ, भूमीत आपले गुण जातीन." सरपंचाला नंबर हवा असतो. त्यात गैर काही नाही. कोणाला काय हवं आहे ते ओळखून आपलं म्हणणं त्याच्या रकान्यात बसवणं, ही लबाडी असेल तर गावातली निम्मी चांगली कामं लबाडीनेच झाली आहेत.

निवृत्तीनंतर मी पवनारात नुसती मतदार आहे. धाम माझ्या दारावरून नाही, पण जवळून वाहते. महाकाळीच्या धरणातून येणारं हे पाणी येळाकेळी आणि पवनारवरून उचलून वर्धा शहराला जातं. 2019 च्या उन्हाळ्यात धरणात मृत साठाच उरला तेव्हा शहराला कित्येक दिवसांआड नळ येत होते आणि त्या महिन्यांत शहरातले लोक नदीची चौकशी करत होते. गणपतीत तेच शहर विसर्जनाला आमच्याकडे येतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, निर्माल्य, वर जलपर्णी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम 2010 पासून आहेत, 2020 मध्ये ते आणखी कडक झाले. दरवर्षी संस्थांचे तरुण काठावर उभे राहून निर्माल्य गोळा करतात, ओरडून घसा बसवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यंदा त्यातली काही पोरंपोरी माझ्याकडे आली. ठराव लिहून द्या म्हणाली. बंधित निधीतून काठाची व्यवस्था, शहराच्या नगरपरिषदेशी पत्रव्यवहार, आणि विसर्जनाच्या आधी नव्हे तर उन्हाळ्यातच मूर्तिकारांशी बैठक. मागण्या नीट होत्या, कोणीतरी घरचा अभ्यास केलेला दिसत होता. मी मसुदा केला. पंचायतीने विषय नोटिशीतच घ्यावा, ऐनवेळच्या विषयांत नको, हे बजावलं. मग विचारलं, सूचक म्हणून कोणाचं नाव लिहू? अनुमोदक कोण?

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नाव लिहिलं की ते इतिवृत्तात राहतं, आणि गणेश मंडळात यांचेच काका-मामा. शेवटी एक मुलगी म्हणाली, माझं लिहा. वय विचारलं तर सतरा. मतदार यादीत नाव नाही, सूचक होता येत नाही.

"मंग माह्या आजीचं लिवा."

"आजीला विचारलंस का?"

"सांजीले विचारते न जी. ते नाई म्हणत नसते."

मी पेन्सिलीने लिहिलं. आजीची सही झाली की शाईने करीन.